बोलेरो पिकअप: बोनेटखालचं वायरिंग आवरायचंय, बॅटरीच हलवू का नुसते रिले-फ्युज?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. गाडी बोलेरो पिकअप, जुनं २५२३ सीसीचं डीआय इंजिन, त्यामुळे सेन्सर-ईसीएमची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) भानगड नाही. टोमॅटोच्या सीझनला नारायणगाव ते वाशी आणि एरवी मिळेल ते भाडं. इंजिन टकाटक आहे, तक्रार बोनेटखालच्या वायरींची. आधीच्या मालकाने फॉग लॅम्प, प्रेशर हॉर्नचा कंप्रेसर, अ‍ॅम्प्लिफायर, जीपीएस, हौद्यातली लाईट असं जे जे बसवलं ते सगळं बॅटरीच्या प्लसवरून डायरेक्ट उचललंय, टर्मिनलवर थिंबलांची (वायरीच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कड्यांची) चळत झालीये. रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) तारेने बांधून हेडलाईटमागे लोंबकळत ठेवलेत. फ्युज फक्त फॉगला आणि तोही ३० अँपियरचा, वायर बघाल तर घरच्या बेलला वापरतात तेवढी! पावसात माळशेजने आलं की हॉर्न आपोआप वाजतो नाहीतर वाजतच नाही.

माझा विचार असा की बॅटरी केबिनच्या मागे चासीला बॉक्स करून न्यायची, मोठ्या ट्रकला असते तशी, आणि तिच्या मोकळ्या जागेत सगळे रिले आणि एक फ्युजबॉक्स नीट बसवायचा. गावातला वायरमन म्हणतो काही होत नाही, लांब केबल टाकू. पण सेल्फवर (इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टर मोटरवर) परिणाम होईल का? कुणी केलंय का असं?

—

डिझेलभाऊ: बॅटरी हलवू नका दादा. डिझेलचा सेल्फ फिरताना ३०० अँपियरच्या आसपास सहज ओढतो. ३५ स्क्वेअरची (म्हणजे ३५ चौरस मिमी जाडीची) तांब्याची केबल एवढ्या करंटला मीटरमागे ०.१५ व्होल्ट खाते, म्हणजे तीन मीटरला जवळपास अर्धा व्होल्ट गेलाच, मायनसच्या बाजूचा वेगळा. थंडीत पहाटे बॅटरी आधीच दमलेली असते तेव्हा हा अर्धा व्होल्ट बरोबर जाणवतो. ७० स्क्वेअर टाकली तर ड्रॉप निम्म्यावर येतो पण तिचा भाव विचारून बघा एकदा. आणि सेल्फच्या केबलला फ्युज नसतो, चासीला घासून उघडी पडली तर थेट आग. तुमचा पसारा बॅटरीने केलेला नाही, तिच्यावर जे टांगलंय त्याने केलाय, ते हलवा.

घाटमाथा: मी तर म्हणतो हलवा, चांगली केबल आणि रबरी ग्रोमेट (भोकातून जाणारी वायर घासू नये म्हणून बसवायची कडी) वापरले तर काय होतंय? मोठ्या गाड्यांना असतेच की चासीला.

डिझेलभाऊ: अहो मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात, तेवढ्याच ताकदीला करंट निम्मा लागतो. १२ व्होल्टवर ते गणित लावू नका.

वायरिंगवाला_काका: बॅटरी आहे तिथे ठेवा. प्लसवर दोनच थिंबल ठेवायची, एक कंपनीची आणि एक तुमची नवी. नवी म्हणजे १० स्क्वेअरची एक वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरातच ६०चा फ्युज, आणि ती सरळ नव्या बॉक्सला. तिथून प्रत्येक गोष्टीला वेगळा फ्युज. ५५ वॅटचे दोन फॉग म्हणजे ९-१० अँपियर, त्यांना अडीच स्क्वेअरची वायर आणि १५चा फ्युज पुरे. फ्युज वायरीला वाचवायला असतो, म्हणून पातळ वायरीला ३०चा लावणं म्हणजे नसल्यातच जमा.

बॉक्स एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) जेवढा उंच बसेल तेवढा. रिलेच्या पिना खाली तोंड करून, आणि वायर बॉक्सात खालून वर शिरली पाहिजे, म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता आधीच टपकतं. तुमचा हॉर्न पावसात वाजतो त्याचं कारण बहुतेक हेच, रिले उताणे पडलेत.

पिकअपवाला (मूळ प्रश्न): काका एक नंबर. अर्थचं (मायनसच्या वायरीचं) काय करू? आत्ता जो तो दिसेल त्या बोल्टला दिलाय.

वायरिंगवाला_काका: सगळ्यांचा अर्थ एका बोल्टवर, खालचा रंग खरवडून, वरून ग्रीस. इंजिन ते चासी पट्टी आहे का तेही बघा, जुन्या गाड्यांत ती कुजलेली असते. ती नसली की सेल्फचा करंट अ‍ॅक्सिलरेटर केबलमधून रस्ता काढतो आणि केबल गरम होऊन जाम होते, लोक मात्र केबल बदलत बसतात. काम करताना आधी मायनस काढा. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीच काढू नका, डायनामोचे डायोड जातात.

पिकअपवाला: आणि फ्युजबॉक्स भंगारातल्या कारचा चालेल का? नवा फार महाग सांगतोय.

डिझेलभाऊ: चालतो की. पिना हिरव्या पडलेल्या नकोत, झाकणाचं रबर शाबूत हवं, आणि काढताना वायरी बॉक्सजवळ कापू नका, फूटभर शेपूट ठेवूनच घ्या. नाहीतर तसली पिन शोधायला अख्खा बाजार पालथा घालाल.