होरेमहेबच्या थडग्यातल्या लाल-काळ्या रेघा कशाच्या?

पैठणचा ड्रॉईंग मास्तर:
आठवीची लेकरं घेऊन वेरूळला गेलो होतो. परतीच्या एसटीत एका पोरीनं मोबाईलवर इजिप्तच्या होरेमहेब राजाच्या थडग्याचा फोटो दाखवला. भिंतीवर लाल रेघांची माणसं, त्यांच्यावर परत काळ्या रेघा, शेजारी अर्धवट कोरकाम. "सर, ह्यांनी पण खाडाखोड केली का?" कालपासून झूम करकरून बघायलोय. कुणी सांगेल का? आणि रंग थेट दगडावर की गिलाव्यावर?

वेरूळचा पाथरवट:
खाडाखोडच ती, सर! आधी गेरूत भिजवलेला दोरा ताणून भिंतीवर फटकारायचा, चौकटी पाडायच्या. त्यात लाल रेघेनं चित्र. मग मोठा उस्ताद काळ्या रेघेनं चुका सुधारणार. कोरणारा काळी रेघ धरून भोवतालचा दगड काढायचा, म्हणजे आकृती उठून दिसते. शेवटी रंग. काम मधेच राहिलं म्हणून हे सगळे टप्पे एकाच खोलीत दिसतात. आमच्याकडं अजिंठ्याच्या २४ नंबरच्या लेण्याचंही कोरकाम असंच अर्धवट राहिलंय. फरक एवढाच, त्यांची चुनखडी मऊ आणि आपला काळा दगड छिन्नीचा जीव घेतो.
इजिप्तवाले उन्हातल्या बाहेरच्या भिंतींवर बहुतेक आकृती दगडात खोल कोरायचे, सावलीनं कड ठळक होते. आत दिव्याच्या उजेडात उठावाचं काम जास्त.

जालन्याची ताई:
पाथरवटभाऊंचं बरोबर, पण सगळीकडं दगड चांगला नसतो हो. १९०४ मध्ये सापडलेलं इजिप्तच्याच राणी नेफरतारीचं थडगं बघा. तिथला खडक भुसभुशीत, म्हणून जाड गिलावा देऊन त्यातच उठाव काढला आणि वर रंग दिला. पुढं आतलं मीठ फुलून गिलावा सुटायला लागला. १९८६ ते १९९२ दुरुस्ती चालली. अजिंठ्यात माणसांच्या श्वासाची दमट हवा चित्रांना खाते, तिथंही तीच भीती. गर्दीवर बंधनं घातली की लोक चिडतात, मला ते पटतं मात्र.

पैठणचा ड्रॉईंग मास्तर:
दोघांचेही आभार. आज फळ्यावर चौकटी मारल्या. इजिप्तच्या मापानं उभा माणूस तळपायापासून कपाळावरच्या केसांपर्यंत १८ चौकटींचा, बसलेला १४. तोंड बाजूनं पण डोळा समोरून, ह्यावर पोरं लई हसली. त्या पोरीनं मात्र लाल खडू मागून घेतला.