प्रतिसाद: नोटबुकएलएमला दोष देण्याआधी पीडीएफ तपासा

रावेरकडच्या केळीबागेच्या नोंदींसाठी नोटबुकएलएम (आपण दिलेल्या फाइल वाचून उत्तरं देणारं गूगलचं एआय साधन) घेतलं, पण मराठी पुस्तिकांच्या पीडीएफवर भलतीच उत्तरं येतात, असं एकाने विचारलंय. अशा वेळी पहिला संशय फॉन्टवर घ्यावा. जुन्या पुस्तिका बऱ्याचदा श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या असतात. डोळ्यांना 'करपा' (पानांवरचा रोग) हा शब्द दिसतो, आत मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी. एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा, लगेच कळेल. खिचडी निघाली तर त्या पानांचे स्क्रीनशॉट काढून गूगल ड्राइव्हवर टाका आणि राइट क्लिक करून गूगल डॉक्समध्ये उघडा, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला वाचता येणाऱ्या खऱ्या मराठी अक्षरांत मिळतो. तोच नोटबुकएलएमला द्या. खतांचे तक्ते मात्र यात विस्कटतात, आकडेही बदलू शकतात. ते सरळ हाताने टाईप करा, कंटाळा आला तरी.

केळी आणि कपाशीची नोटबुकं वेगळी ठेवा, फाइलच्या नावात पीक आणि वर्ष घाला. विचारताना डावीकडे हव्या त्याच स्रोतांवर टिक ठेवा, नाहीतर दोन पुस्तिकांतली खत-औषधांची प्रमाणं एकाच वाक्यात येतात. उत्तरातल्या छोट्या आकड्यावर क्लिक केलं की मूळ ओळ उघडते. ती वाचल्याशिवाय फवारणीचं औषध मोजायला घेऊ नका.