प्रति: रशियन विनी पूख पण बघा

डिस्नेच्या कार्टूनमधलं अस्वल विनी द पूह तोच खरा आणि बाकी सगळ्या नकला, हे तुमचं म्हणणं अजिबात पटलं नाही. अॅनिमेशन दिग्दर्शक फ्योदोर खित्रुकने १९६९ ते १९७२ मध्ये रशियात पूहवर (तिकडे तो विनी पूख) तीन छोट्या फिल्म केल्यात त्या बघाच. गडद तपकिरी अस्वल, डोळ्यांभोवती काळे डाग, पंजे अंगाला जोडलेलेच नाहीत आणि चालताना एकाच बाजूचा हात-पाय सोबत टाकतो, काय गोड डुलतो! अभिनेता येवगेनी लिओनोव्हचा आवाज स्पीड वाढवून वापरलाय, भारी जमलाय. पूहचा दोस्त असलेला छोटा मुलगा ख्रिस्तोफर रॉबिनच गायब केलाय हे मात्र खटकतं, ए. ए. मिल्नच्या मूळ पुस्तकाचा जीव त्या दोघांच्या मैत्रीत आहे ना. मुलांना आधी दुसरी दाखवा, सशाच्या बिळात अडकतो ती.