अनुभव धागा : मशीनचं लिव्हर पहिल्यांदा हातात कोणी दिलं?

माझं दिग्रसला होज पाईप, ग्रीस, ऑईल, बकेटचे दात असलं सगळं ठेवणारं दुकान आहे. दिवसभर समोर जेसीबी-पोकलेनवाली माणसं असतात आणि त्यांच्या मागं एखादा बाप अवघडून उभा असतो. "भाऊ, पोराले मशीनवर लावून द्या ना कुठं." पोलीस भरतीत दोनतीनदा धावून झालं की आमच्याकडची पोरं मशीनकडं वळतात. सल्ले द्यायला अख्खं गाव तयार असतं, पण त्या सीटवर बसलेला माणूस काही बोलत नाही. म्हणून हा धागा.

मधली काही वर्षं चांगली गेली. 2015 पासून जलयुक्त शिवारची नाला खोलीकरणं आली, पाठोपाठ समृद्धी महामार्गाचा भराव. हां हां म्हणता हेल्परचे ऑपरेटर झाले. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा वाहतुकीला खुला झाला. तोवर मशीनं ट्रेलरवर चढून दुसऱ्या मुलखात गेली होती. जी पोरं इथंच राहिली ती आता काम विचारत फिरतात.

पहिलं काम कसं लागलं, कागद कोणते मागितले, पैसे वेळेवर आले का, हे लिहा. तक्रारही खुशाल लिहा, फक्त मालकाचं किंवा कंपनीचं नाव नको.

कारंजा लाडचा ऑपरेटर

मी तं बारावी नापास. घरी कोरडवाहू वावर. मावसभाऊ समृद्धीवर पोकलेन चालवे, त्याच्यासंगं हेल्पर म्हणून गेलो. महिन्याले 9 हजार अन् जेवण. उस्ताद उठायच्या आधी सगळ्या पिनांले ग्रीस मारायचं, रेडिएटरची जाळी झाडायची, डिझेल भरायचं. पावसाळा निघेपर्यंत मले कोणी लिव्हरले हात लावू देल्ला नाई.

जेवण झालं की उस्ताद मशीनच्या सावलीत आडवा होये. तवा मी सीटवर बसून तोच मातीचा ढीग इकडून तिकडं करत राहो. बकेट भरणं दोन दिवसांत जमते. कठीण हाय ते लेव्हल मारणं. आर्म (बकेटजवळचा हात) आत घेता घेता बूम (मांगचा मोठा हात) अन् बकेट संगंसंगं सांभाळा लागते, नाईतं जमिनीवर लाटा उठतात अन् मांगून रोलरवाला बोंबलते.

एक डाव उस्तादाले अचानक गावाले जा लागलं. हायवांची, म्हणजे मोठ्या टिप्परांची, लाईन लागली होती. इंजिनीअर साहेब म्हणे, "तूच भर आता." पहिली बकेट बारीक मातीची, बॉडीत खाली नेऊन हळू सोडायची, म्हणजे तळाले मार बसत नाई. मोठे गोटे त्याच्यावर. बकेट ड्रायव्हरच्या केबिनवरून न्यायची नाई, मांगून घ्यायची. हायवाचा ड्रायव्हर आरशात पाहून राहते. त्यानं शिव्या देल्ल्या नाई म्हणजे तुम्ही पास! संध्याकाळी साहेबानं माह्यं नाव ऑपरेटरच्या हजेरीत टाकलं. सर्टिफिकेट आजपर्यंत कोणी मांगलं नाई.

वणीचा, ओबीवाला

वरच्या भाऊंना रस्त्याच्या साइटवर कोणी कागद विचारला नसेल, खाणीत मात्र कागदाशिवाय गेटच्या आत पाऊल टाकता येत नाही. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) उघड्या खाणींमध्ये कोळशावरची माती आणि दगड, म्हणजे ओबी, काढायचं काम बहुतेक ठेकेदारांकडे असतं. भरती तेच करतात. वय 18 पूर्ण हवं, सुरुवातीची मेडिकल हवी, व्हीटी (व्होकेशनल ट्रेनिंग) सेंटरचं प्रशिक्षण हवं, मग फॉर्म बी मध्ये, म्हणजे खाणीच्या कामगार नोंदवहीत, नाव चढतं आणि गेट पास मिळतो. माझा जोडीदार हाताला माझ्यापेक्षा सरस, पण मेडिकलमध्ये रंग ओळखता आले नाहीत आणि तो बाहेर राहिला. तेव्हा पोरांनो, गावातला गोऱ्हा विकून कोणाला पैसे देण्याआधी डोळे तपासून घ्या.

दुसरी गोष्ट पगाराची. कोल इंडियाच्या खाणींत खाणकामावरच्या ठेका कामगारांना हाय पॉवर कमिटीचा दर लागू आहे. सगळे त्याला एचपीसी म्हणतात. त्यात अकुशल ते अतिकुशल असे वर्ग आहेत. आपलं नाव कोणत्या वर्गात लिहिलंय ते पहिल्याच महिन्यात पाहा. माझ्या पहिल्या ठेकेदाराकडे बँकेत एचपीसीप्रमाणे पूर्ण रक्कम यायची आणि दहा तारखेच्या आत त्यातली काही रोख मुन्शीच्या हातात परत द्यावी लागायची. नाही दिली तर दुसऱ्या दिवशी मशीन "ब्रेकडाऊन". दोन वर्षं सहन केलं. नंतर दुसऱ्या ठेक्यात गेलो, पगार कागदावर थोडा कमी पण हातात जास्त. पीएफचा यूएएन, म्हणजे कायमचा नंबर, मात्र एकच ठेवा. ठेका बदलला की नवा नंबर काढून देणारे असतात आणि जुने पैसे मग अडकून पडतात.

आणि जमीन गेलेल्यांना दोन एकरांमागे एक नोकरी मिळते ती रांग वेगळी, ठेकेदाराची नोकरी वेगळी. या दोहोंचा घोळ घालून पैसे उकळणारे दलाल चहाच्या टपरीवरच बसलेले असतात.

चिखलीची सून

मी मशीन चालवत नाही, पण घर त्याच्यावरच चालतं म्हणून लिहिते.

लग्नाच्या वेळी माझ्या बाबांना सांगितलं होतं, पोराला 22 हजार पगार आहे. आहे, पण वर्षाचे बारा महिने नाही. मृगाचा पाऊस पडला की काळ्या जमिनीत मशीन फसतं. मालक घरी पाठवतो आणि दिवाळीपर्यंत उचल घेऊन भागवायचं. दिवाळीनंतर काम सुरू झालं की पहिले दोन पगार त्या उचलीतच वळते होतात. बुलढाणा जिल्ह्यात 2018 साली 'सुजलाम सुफलाम'च्या पाण्याच्या कामांना मशीनं लागली तो उन्हाळा बरा गेला. एरवी हे असंच.

यांना तासावर भत्ता आहे. मालकाचा हिशोब आणि आमचा हिशोब कधी जुळायचाच नाही. मग मी यांना सांगितलं, संध्याकाळी मशीन बंद करताना अवरमीटरचा, म्हणजे मशीन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरचा, फोटो मला पाठवत जा. मी तो आकडा सासूबाईंच्या बचत गटाच्या जुन्या वहीत मागच्या पानांवर उतरवते. होळीच्या हिशोबाला यांनी ती वही पुढं केली. मालक दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "वहिनींना मुन्शी ठेवू का?" पैसे दिले मात्र पूर्ण.

पवनी, जि. भंडारा

थोडक्यात लिहितो. गोसेखुर्दच्या कालव्यांवर आमच्या आधीच्या पिढीचे कितीतरी ऑपरेटर घडले. आता वैनगंगेच्या काठावर नव्या पोराला सर्वांत लवकर जे काम मिळतं ते रात्रीच्या रेतीचं. रेट दुप्पट, पैसे सकाळी रोख, लायसन्स कोणी विचारत नाही. का विचारत नाही ते समजून घ्या. तहसीलची गाडी आली की मालक फोन बंद करतो आणि सीटवर सापडतो तो आपण. चोरीचं कलम लागतं, पूर्वी 379 होतं, आता न्याय संहितेचं 303. माझ्या चुलतभावाच्या तारखा अजून सुरू आहेत, आणि चारित्र्य पडताळणी मागणाऱ्या कंपन्यांची दारं त्याला बंद झालीत.

अचलपूरहून

मी कतारला दोन करार करून आलो. मुंबईत ट्रेड टेस्ट होते. मोकळ्या मैदानात खड्डा काढायला लावतात आणि कडा सरळ आहेत का ते पाहतात. माझ्या आधीच्या पोरानं खड्डा झकास काढला, पण उतरताना बकेट हवेतच ठेवली. नापास! दहावी पास असाल तर पासपोर्टवर इमिग्रेशन क्लिअरन्सची कटकट राहत नाही, म्हणून दहावी सोडू नका. एजंट ई-मायग्रेटवर, म्हणजे सरकारच्या पोर्टलवर, नोंदलेला आहे का ते पाहा. सेवाशुल्क 30 हजार आणि वर जीएसटी, एवढीच कायद्याची मर्यादा आहे. आमच्याकडं दीड लाख मागणारे सर्रास भेटतात.

पुसदवरून एक प्रश्न

माझ्या भाच्यासाठी विचारतोय. महिनाभराच्या कोर्सचे 25 हजार मागतात. करावा का?

दिग्रसचा दुकानदार

काका, आधी विचारा की सर्टिफिकेट कोणाचं. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलचं असेल तर मोठ्या कंपनीत त्याला वजन आहे. काम येत असलेल्यांसाठी त्यांची आरपीएलही असते, म्हणजे परीक्षा घेऊन आधीच्या अनुभवाला कागद देतात. महिनाभर एका मशीनवर वीस पोरं असतील तर सीटवर किती वेळ मिळणार, तेही विचारा. आणि आरटीओकडून लायसन्सवर लोडर-एक्स्कॅव्हेटरचा वर्ग चढवून घ्यायला सांगा. जेसीबी रस्त्यावरून पळते, अपघात झाला की विमावाले सगळ्यात आधी तेच बघतात.

मोर्शीचा मशीनमालक

सगळे मालकाला धुऊन राहिले, म्हणून आमची बाजू. माझी एकच जेसीबी आहे, तीही फायनान्सवर. काम म्हणजे संत्र्याच्या जुन्या बागा उपटणं, शेततळी, पाईपलाईनच्या चाऱ्या. हप्ता पावसाळ्यातही भरावा लागतो. नवख्याच्या हातून एक होज फुटला की ऑईलसकट दिवसाची कमाई मातीत. डोक्यावरची वीजवाहिनी दिसली नाही तर माणूसच जातो. म्हणून मी अनोळखी पोराला लिव्हर देत नाही. ओळखीचा म्हणजे नातेवाईक नव्हे. माझा भाचाच मी काढून टाकलाय.

नवा माणूस आला की मी किल्ली देतो आणि बाजूला उभा राहतो. जो सरळ वर चढून स्टार्टर मारतो त्याला चहा पाजून परत पाठवतो. जो आधी मशीनभोवती फिरतो, खाली ऑईल सांडलंय का वाकून बघतो, डिपस्टिक काढतो, त्याला वावरात नेतो. मागच्या वर्षी एक पोट्टा आला. त्यानं फिरता फिरता मागच्या बकेटची पिन सैल झालेली दाखवली, जी माझ्या ऑपरेटरला आठवडाभर दिसली नव्हती. तो अजून माझ्याकडंच आहे.

आणि हो, दिवाळीनंतर हेल्पर पाहिजे. 10 हजार, जेवण, राहायला खोली. संध्याकाळी पिणारा चालणार नाही.

पुसदवरून

भाच्याला पाठवू का?

मोर्शीचा मशीनमालक

पाठवा. 25 हजार घरीच ठेवा. ग्रीस गन माझी.

दिग्रसचा दुकानदार

नंबर इथं उघड्यावर टाकू नका, मला कळवा, मी जोडून देतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडून अजून कोणी लिहिलं नाही. सुरजागडच्या लोहखाणीच्या बाजूचं कोणी असेल तर डंपरवरून पोकलेनवर जायला किती दिवस लागतात, ते सांगा.