डूमला ‘एज’ने १० पैकी ७ च का दिले होते?

पिक्सेलपंत:
१९९० च्या दशकातल्या गेम-परीक्षणांवर लिहितोय. राक्षसांना गोळ्या घालत पुढे जायचा डूम हा पीसीवरचा गेम १० डिसेंबर १९९३ ला आला आणि बहुतेक मासिकांनी त्याला डोक्यावर घेतलं. ब्रिटनच्या ‘एज’ने मात्र एप्रिल १९९४ च्या अंकात १० पैकी ७ गुण दिले. या राक्षसांशी बोलता आलं असतं, मैत्री किंवा युती करता आली असती तर मजा आली असती, अशा अर्थाचा शेवटही केला. आज ते वाक्य फक्त चेष्टेसाठी उद्धृत होतं. त्या काळाच्या हिशेबाने ते खरंच इतकं चुकीचं होतं का? आणि तेव्हाच्या परीक्षकाला पडद्यावर जे दिसलं ते आज जसंच्या तसं बघायचं असेल तर काय वापरावं? जाणकारांनी सांगावं.

राऊतवाडीकर:
आधी गुणांचं बघू. ‘एज’ १९९३ च्या शरदात सुरू झालेलं मासिक, आणि गुण द्यायला हात आखडता. त्यांचा पहिला १० पैकी १० ‘सुपर मारिओ ६४’ला मिळाला, तोही १९९६ मध्ये. त्यामुळे तिथले ७ म्हणजे नापास नव्हे.

आता ते वाक्य. ते हवेतून आलेलं नाही. ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’ मार्च १९९२ मध्ये, म्हणजे डूमवाल्यांच्याच आधीच्या गोळीबाराच्या गेमच्या, ‘वुल्फेनस्टाइन ३डी’च्याही आधी आला. त्यात वर-खाली बघता यायचं, आणि मुख्य म्हणजे राखाडी व हिरव्या गॉब्लिनांच्या दोन टोळ्या होत्या, त्यांच्याशी बोलता यायचं. एकाने सांगितलेलं दुसऱ्याकडे उपयोगी पडायचं. प्रथमपुरुषी (पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या) गेमची वाट त्या दिशेने जाईल असं १९९४ मध्ये एखाद्या समीक्षकाला वाटणं अगदी रास्त होतं. डूमने वाट दुसरीकडे वळवली. ती इतकी रुळली की जुनी अपेक्षाच आज हास्यास्पद वाटते. पण १९९६ चा ‘स्ट्राइफ’ बघा. डूमचंच इंजिन (गेम चालवणारा मूळ प्रोग्रॅम), त्यात संवाद, बंडखोरांची आघाडी, हेर, सगळं. म्हणजे ‘एज’ने मागितलं ते त्याच इंजिनावर तीन वर्षांच्या आत करून दाखवलं गेलं.

पिक्सेलपंत:
अंडरवर्ल्डचा धागा लक्षात आला नव्हता, धन्यवाद. सध्या जीझेडडूमवर (डूम चालवणारं नवं इंजिन) खेळतोय, माउसने वर-खाली बघणं आणि उडी दोन्ही चालू आहेत. समीक्षेसाठी हे चालेल ना?

टिक३५:
नाही चालणार. उडी चालू असली की लेव्हलच मोडते. कित्येक कट्टे आणि खिडक्या ‘दिसतं पण जाता येत नाही’ म्हणूनच ठेवलेल्या आहेत. पहिल्याच लेव्हलच्या पहिल्या खोलीत खिडकीतून बाहेर आम्लाचं तळं आणि त्यात ठेवलेलं निळं चिलखत दिसतं. तिथे पुढे जाऊन सापडणाऱ्या गुप्त वाटेनेच पोहोचायचं असतं. वुल्फेनस्टाइनमध्ये सगळ्या भिंती काटकोनात, सगळी छतं एका उंचीची, उजेड सगळीकडे सारखा. त्यानंतर ही एक खिडकी बघणाऱ्याला काय वाटलं असेल, ते माउसलूक बंद केल्यावरच कळतं.

उजेडाचंही तसंच. मूळ डूममध्ये अंधार ३२ पायऱ्यांच्या रंगतक्त्याने पडतो, लांबचं पायरीपायरीने काळवंडत जातं. नव्या इंजिनात हा अंधार वेगळ्या गणिताने पडू शकतो, मग पहिल्या भागातले मिणमिणते कोपरे घाबरवत नाहीत. टेक्श्चर फिल्टर चालू असेल तर भिंतीही चिखलासारख्या दिसतात.

अचूक अनुभवासाठी चॉकलेट डूम हे दुसरं इंजिन घ्या. ते डॉसच्या १.९ आवृत्तीसारखंच वागतं, तिच्यातल्या चुकांसकट. शेअरवेअरची (गेमचा फुकट वाटलेला पहिला भाग) ‘डूम१.वॅड’ फाइल मोफत आहे, ती त्याच फोल्डरमध्ये टाका. आधी सेटअपचा वेगळा प्रोग्रॅम चालवून तीन गोष्टी बघा:

– आस्पेक्ट रेशो दुरुस्ती चालू ठेवा. चित्र ३२० × २०० चं असलं तरी ते ४:३ च्या मॉनिटरवर उभं ताणलं जायचं. दुरुस्ती बंद असेल तर राक्षस बुटके दिसतात.
– माउस पुढे ढकलला की खेळाडूही पुढे सरकतो, हे मूळचंच वागणं आहे. त्रास झाला तर ‘व्हर्टिकल माउस’ बंद करा, त्याने समीक्षेत फरक पडत नाही. त्या काळी अनेकजण निव्वळ कीबोर्डवर खेळायचे: बाणांनी वळायचं, कंट्रोलने गोळी, ऑल्टने बाजूला सरकणं, शिफ्टने धावणं.
– संगीत ओपीएलवर (जुन्या साउंड कार्डांवरची ध्वनी-चिप) ठेवा, म्हणजे त्या काळच्या साउंड ब्लास्टर कार्डासारखं ऐकू येईल.

मग एकदा गेममध्ये एफ५ दाबून डिटेल कमी करा आणि वजाची कळ दाबत खिडकी लहान करत जा. किमान गरज ३८६ आणि ४ एमबी रॅम अशी होती, पण ३८६ वर बऱ्यापैकी वेग हवा असेल तर हेच करावं लागायचं. वेगाची कमाल मर्यादा सेकंदाला ३५ फ्रेम, आणि तिच्या जवळ जायला चांगला ४८६ लागायचा. १९९४ चं परीक्षण वाचताना परीक्षकाचं यंत्र कोणतं होतं हे दिलं असेल तर ते आधी वाचा.

शमा_व्ही:
मला ७ गुण फारसे खटकत नाहीत, पण कारण वेगळं आहे. शेअरवेअरमधला पहिला भाग बहुतांशी जॉन रोमेरोचा, आणि तो घट्ट विणलेला आहे. दुसऱ्या-तिसऱ्या भागाच्या बऱ्याच लेव्हल्स सँडी पीटरसनने शेवटच्या काही आठवड्यांत पूर्ण केल्या. कल्पना जबरदस्त (तिसऱ्या भागाची दुसरी लेव्हल टॅब दाबून नकाशात बघा, अख्खा पंजा दिसतो), पण रंगसंगती आणि मांडणी ओबडधोबड. फक्त शेअरवेअर खेळलेला माणूस आणि २७ लेव्हल्स खेळलेला माणूस एकाच गेमबद्दल बोलत नसतात. शेअरवेअरमध्ये प्लाझ्मा गन नाही, बीएफजी ही मोठी बंदूक नाही, कॅकोडेमन हा राक्षसही नाही.

‘युती’चं मात्र ‘एज’कडून निसटलं असं माझं ठाम मत. डूममध्ये युती आहे, फक्त ती बोलून होत नाही. करून बघा: शॉटगनवाला शिपाई मागे आणि इम्प (आगीचे गोळे फेकणारा राक्षस) पुढे अशा रेषेत उभं राहा. शिपाई गोळी झाडेल, ती इम्पला लागेल, आणि इम्प तुम्हाला सोडून त्याच्यावर उलटेल. इम्पच्या आगीच्या गोळ्याने दुसऱ्या इम्पला इजा होत नाही, पण गुलाबी डीमन या वेगळ्या जातीच्या राक्षसाला होते. शिपायांच्या गोळ्या मात्र त्यांच्याच जातभाईंनाही लागतात. राक्षसाच्या गोळीने स्फोटक पिंप फुटलं तर भाजलेले त्या राक्षसावर चिडतात, तुम्ही फोडलंत तर तुमच्यावर. इम्पची ताकद ६०, शॉटगनच्या एका बारात ७ छर्रे, प्रत्येकी ५ ते १५. म्हणजे सरासरी ७०, जवळून एका बारात इम्प बहुधा आडवा. पण सायबरडीमन या महाराक्षसाची ताकद ४०००, तिथे हा हिशेब चालत नाही. कोणाला कोणावर सोडायचं, हे ठरवण्यातच या गेमची बुद्धी आहे. लेखात याला जागा द्या.

राऊतवाडीकर:
शमा_व्ही, पिंपाचा मुद्दा फार चांगला. पूर्ण सहमत.

जुनी_काडतुसं:
लेखासाठी एक सावधगिरी. ‘डूमला किती गुण मिळाले’ म्हणताना आवृत्ती लिहा, नाहीतर कन्सोलचे गुण पीसीच्या नावावर जातात. जग्वारवर (१९९४) लेव्हल खेळताना संगीतच नाही. ३२एक्सवर तिसरा भाग गायब. सुपर निन्टेन्डोवर (१९९५) सुपर एफएक्स २ चिप असूनही जमीन आणि छत सपाट रंगाचं, आणि सेव्ह करायची सोय नाही. सॅटर्नवर (१९९७) फ्रेमरेट रडतो. याउलट प्लेस्टेशनवर (१९९५) रंगीत प्रकाश आणि ऑब्री हॉजेसचे अंगावर येणारे ध्वनी, जवळजवळ वेगळाच भयगेम. हिंसेवरची टीका वेगळ्या रकान्यात ठेवा: जर्मनीत १९९४ पासून २०११ पर्यंत तो अल्पवयीनांसाठी प्रतिबंधित यादीत होता, पण त्याचा गुणांशी संबंध नाही.

पिक्सेलपंत:
आवृत्तीचा रकाना आजच टाकतो. नेटवर्कवर चौघांनी खेळण्याचा परिणाम परीक्षणांवर किती धरावा?

टिक३५:
बराच, पण तारीख बघून. १.० आवृत्ती नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला डेटाची पाकिटं पाठवायची, त्यामुळे न खेळणाऱ्यांचीही यंत्रं मंदावायची, आणि ऑफिसं-विद्यापीठांमध्ये बंदी आली. फेब्रुवारी १९९४ च्या १.२ मध्ये पाकिटं फक्त खेळणाऱ्यांकडे जाऊ लागली, मोडेमवरून दोघांना खेळता येऊ लागलं आणि ‘नाइटमेअर’ ही काठिण्यपातळीही तेव्हाच आली. परीक्षणात नाइटमेअरचा किंवा मोडेमचा उल्लेख असेल तर परीक्षकाकडे किमान १.२ होती असं धरा. एकट्याने घरी खेळून लिहिलेलं परीक्षण असेल तर डेथमॅचबद्दल (खेळाडूंनी एकमेकांवर गोळ्या झाडायचा प्रकार) त्यात काही सापडणार नाही, आणि त्यासाठी गुण कापले असंही म्हणता येणार नाही.