गणेशचवथीपासून मुलगी भात खात नाही

फोंड्याहून एक आई:
माझी मुलगी अकरावीत आहे. चवथीला घरी जमलेल्या नातेवाइकांपैकी कोणीतरी ‘किती सुटलीस गं!’ म्हणाले आणि तेव्हापासून तिने सकाळची पेज व दुपारचा भात सोडला. दिवसभर ती काळ्या चहावर असते. संध्याकाळी शिकवणीहून येताना मैत्रिणींबरोबर कटलेट-पाव खाते आणि रात्री पुन्हा ताटावर बसत नाही. मोबाइलवर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) काढून आपण जाड आहोत असे तिने ठरवूनच टाकले आहे. काय करावे?

पणजीहून एक आहारतज्ज्ञ:
ताई, प्रौढांचे बीएमआयचे निकष या वयाला लागू होत नाहीत. १९ वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे वयानुसार व मुलगा-मुलगी यांसाठी वेगळे असलेले तक्ते पाहावे लागतात, आणि वयात येताना मुलींच्या अंगावर थोडी चरबी चढणे हा वाढीचाच भाग असतो. मला भातापेक्षा त्या काळ्या चहाची काळजी अधिक वाटते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२०च्या शिफारशींनुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलीला रोज ३२ मिलिग्रॅम लोह लागते, आणि जेवणाच्या वेळी घेतलेल्या चहामुळे अन्नातील लोह नीट शोषले जात नाही. हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्यावे. भात नकोच असेल तर पोईबरोबर (गव्हाच्या पावाबरोबर) अळसांद्यांचे (चवळीच्या जातीच्या कडधान्याचे) तोणाक, म्हणजे रस्सा, द्यावे, वर लिंबू पिळावे. त्याने लोह शोषले जाण्यास मदत होते.

साखळीहून एक पालक:
थोडे वजन उतरले तर बिघडले कुठे? आजकालची मुले फिरतात तरी किती?

डिचोलीहून एक शिक्षिका:
फिरणे वाढवायला कोणाचीच हरकत नाही, पण उपाशी राहून अभ्यासात लक्ष लागत नाही हे मी वर्गात रोज पाहते. मुलगेही यातून सुटलेले नाहीत; त्यांना दंड फुगवायचे असतात, म्हणून कोणाला न विचारता पावडरचे डबे आणतात. ताई, त्या नातेवाइकांना स्पष्ट सांगा की मुलीच्या अंगकाठीबद्दल बोलायचे नाही, अगदी ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ असेही नाही, कारण अशा कौतुकानेच उपास लांबतो. तिच्या ताटावर लक्ष ठेवण्यापेक्षा रात्री सर्वांनी एकत्र जेवायला बसावे आणि त्या वेळी वजनाचा विषयच काढू नये.

पणजीहून आहारतज्ज्ञ:
शिक्षिकांशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र पाळी चुकत असेल, चक्कर येत असेल किंवा खाल्ल्यावर ती मुद्दाम उलटी करत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे. मनावरचा ताण बोलून दाखवायचा असल्यास टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. आधी तुम्ही स्वतःच फोन केलात तरी चालेल.