मेथी उगवते आणि आडवी पडते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरची गच्ची आहे, सकाळी 8 ते दुपारी 1 पर्यंत ऊन. दिवाळी झाली की दरवर्षी मेथी, मुळा, पालक पेरते. यंदा मेथीने दगा दिलाय. चौथ्या दिवशी छान उगवली आणि आठव्या दिवशी सकाळी पाहते तर अर्धा वाफा आडवा! एक रोप उपटून पाहिलं. मातीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक, तपकिरी झालेला, वरची दोन पानं मात्र अजून हिरवीगार. किडा कुठेच नाही.

ही मरच ना (कोवळी रोपं मातीलगत कुजून कोलमडतात तो बुरशीचा रोग)? माती पावसाळ्यातलीच आहे, काकडीचा वेल काढला आणि त्यातच पेरलं. बी दाट फेकलं (सासूबाई म्हणायच्या, मेथी दाटच हवी) आणि पाणी रोज संध्याकाळी. बहुतेक इथेच चुकलं. आता सकाळी घालते, तेही वरची माती सुकल्यावरच.

उरलेली रोपं वाचतील का? दुसरी पेरणी त्याच मातीत शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून करू, की माती आधी पसरून उन्हात वाळवू? थंडीतलं ऊन त्याला पुरेल?

आणखी एक. जुनं वांग्याचं झाड अजून चार-दोन वांगी देतंय, पण मला त्याच कुंडीत लसूण लावायचाय. नोव्हेंबर सरत आला. झाड उपटायचं जिवावर येतंय हो. अजून पंधरा दिवस थांबले तर लसणाचे गड्डे बारीक राहतील का?